३० अंड्यांतून ११च पिल्लं, १३ पूर्ण वाढून कवचातच मेली. पाणी कमी पडलं का?

गावठी_कुडाळ

सगळे आकडे देतो, म्हणजे नेमकं सांगता येईल.

इन्क्युबेटर (अंडी उबवायची पेटी) घरीच केलेला, माशाच्या थर्माकोल पेटीचा. भिंत इंचभर जाड. आत ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब, कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा आणि डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारं मॉड्यूल), ३७.५ अंशांवर लावलेला. अंडी घरच्याच गावठी कोंबड्यांची, ९ कोंबड्यांमागे एक कोंबडा. पाच-सहा दिवस साठवून ३० अंडी एकदम लावली. दिवसातून तीनदा हाताने फिरवली, १८व्या दिवशी फिरवणं थांबवलं. पाण्याच्या दोन वाट्या पहिल्या दिवसापासून, १८ नंतर तिसरी वाटी आणि ओला स्पंज. आतला छोटा डिजिटल मीटर आर्द्रता कायम ५५ च्या आसपास दाखवत होता, शेवटच्या तीन दिवसांत ६८. झाकणाला पेनाच्या टोपणाएवढी दोन भोकं आहेत. पावसाची हवा आत जाते म्हणून त्यातलं एक चिकटपट्टीने बंद केलं.

निकाल असा: ४ कोरी (गर्भ न धरलेली), २ मध्ये रक्ताचं कडं, ११ पिल्लं, १३ मेलेली. या १३ पैकी ९ नी टोचच मारली नाही (आतून चोचीने कवच फोडायला सुरुवातच केली नाही), ४ टोच मारून तिथेच थांबली. फोडून बघितली तर पिल्लू पूर्ण वाढलेलं, पिसं आलेली, पण अंग लिबलिबीत, मान सुजलेली आणि चोचीपाशी पाणी. जी बाहेर आली ती २१व्या दिवसाच्या रात्रीपासून २२ च्या दुपारपर्यंत आली. सुकेल तसं एकेक पिल्लू काढत होतो, त्यासाठी सहा-सात वेळा झाकण उघडलं.

शेजारच्यांचं म्हणणं, पाणी कमी पडलं, आतला पडदा सुकून चामड्यासारखा झाला, म्हणून पिल्लांना फोडता आला नाही. २८ अंड्यांची दुसरी बॅच लावून आज ५ दिवस झालेत. त्यात काय बदलू?

कवचाआत

शेजाऱ्यांचं निदान बरोबर उलटं आहे. पडदा सुकून अडकलेलं पिल्लू वेगळं दिसतं: लहानखुरं, कोरडं, पिसं पडद्याला चिकटलेली, आणि पडदा पिवळट, कागदासारखा कडक. तुमची पिल्लं लिबलिबीत, सुजलेली, चोचीपाशी पाणी असलेली. ती बुडून मेली आहेत. पाणी जास्त झालं, आणि तेही शेवटच्या तीन दिवसांत नव्हे, पहिल्या अठरा दिवसांत.

आत काय होतं ते बघा. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. कवचाच्या बारीक छिद्रांतून रोज थोडं पाणी उडतं तशी ती वाढत जाते. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू आधी या पोकळीच्या पडद्याला चोच लावतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. कवच फोडणं त्यानंतर. अठरा दिवसांत पुरेसं पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाणी धरून फुगतं, त्याला मान वळवायला जागा उरत नाही आणि पहिल्याच श्वासाला नाकात पाणी जातं. तुमची टोच न मारता मेलेली ९ याच टप्प्यावर गेली.

आता कोकणातल्या जुलैचा हिशोब. बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर तीच हवा पेटीत जाऊन ३७.५ ला तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० च्या आसपास येते. म्हणजे पाण्याचा थेंब न ठेवता तुम्हाला हवी तेवढी आर्द्रता मिळते. वर दोन वाट्या ठेवल्या आणि भोक बंद केलं, म्हणजे ७० च्या पुढे गेलीच असणार. मीटर ५५ सांगतो यावर विसंबू नका. ते स्वस्त मीटर १५-२० टक्क्यांनी सहज चुकतात. घरी तपासता येतो: बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून लगदा करा (विरघळवायचं नाही, ओल्या वाळूसारखं हवं), मीटर आणि बूच एका हवाबंद डब्यात १० ते १२ तास ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर जे दाखवेल त्यातला आणि ७५ मधला फरक, तेवढी त्याची चूक.

पण मीटरपेक्षा अंड्यालाच विचारलेलं बरं. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. लावण्याआधी प्रत्येक अंड्याचं वजन मऊ पेन्सिलीने अंड्यावर लिहा आणि सगळ्यांची बेरीज वहीत. १८व्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या ११ ते १३ टक्के वजन कमी व्हायला हवं. मधला आकडा १२ धरा, म्हणजे रोज पाऊण टक्क्याच्या जरा आत. ४२ ग्रॅमचं गावठी अंडं १८व्या दिवशी ३७ ग्रॅमचं झालं पाहिजे. वजन यापेक्षा हळू घटत असेल तर पाणी कमी करा, भराभर घटत असेल तर वाढवा. आर्द्रतेचा आकडा किती असावा यावर वाद घालत बसायची गरजच राहत नाही.

वाटीबद्दल आणखी एक. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पसरट पृष्ठभागावर ठरते. खोल वाटीपेक्षा ताटली जास्त वाफ देते. कमी-जास्त करायचं तर भांड्याचं तोंड बदला.

दुसऱ्या बॅचचं मूळ वजन लिहून ठेवलंय का?

सर्किटवाला

वरच्या उत्तराशी सहमत. पण पिल्लं २१ च्या रात्री सुरू होऊन २२ पर्यंत लांबली, याचा अर्थ तापमानही सरासरीत कमी पडलंय. बहुतेक थर्मोस्टॅटच्या पी-१ या सेटिंगला हात लावलेला नाही.

डब्ल्यू-१२०९ मध्ये सेटचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की पी-० पासून मेन्यू सुरू होतो. पी-० गरम करण्यासाठी एच वर हवा. पी-१ म्हणजे बल्ब बंद झाल्यावर किती खाली उतरल्यावर परत लागायचा तो फरक, आणि कंपनीतून तो २.० वर येतो. म्हणजे ३७.५ ला बल्ब विझतो आणि ३५.५ ला परत लागतो, सरासरी ३६.५ च्या आसपास. एवढ्या फरकाने पिल्लं दिवसभर उशिरा येतात आणि अशक्त येतात. पी-१ ला ०.२ करा. ०.१ केलं तर रिले (मॉड्यूलवरचा बल्ब चालू-बंद करणारा स्विच) दर काही सेकंदांनी टकटक करत राहतो आणि लवकर झिजतो.

सेन्सर खरं सांगतो का तेही बघा. तापाचा डिजिटल थर्मामीटर घ्या, शरीराच्या तापमानाच्या पट्ट्यात त्याच्याइतका भरवशाचा दुसरा स्वस्त थर्मामीटर घरात नसतो. मगभर कोमट पाणी, ३७-३८ च्या आसपास. थर्मोस्टॅटच्या सेन्सरची धातूची टोपी आणि तापमापकाचं टोक एकमेकांना लागून बुडवा, पाणी हलवत राहा. तापमापक बीप करेल तेव्हा दोन्ही आकडे लिहा. फरक असेल तो पी-४ मध्ये भरा. तापमापक सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा मोजताना बंद करून चालू करा, नाहीतर पाणी निवलं तरी जुनाच आकडा दिसेल.

सेन्सर अंड्यांच्या वरच्या पातळीला टांगा, बल्बचा उजेड थेट पडणार नाही अशा जागी. उजेडात असेल तर सेन्सर लवकर तापतो, बल्ब लवकर विझतो आणि अंडी थंड राहतात. पंखा रिलेवर जोडू नका, तो २४ तास फिरला पाहिजे. ज्यांच्या पेटीत पंखाच नाही त्यांनी ३७.५ धरायचं नाही. तिथे गरम हवा वर जमते, म्हणून अंड्याच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.८ हवं.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी. या मॉड्यूलवर २३० व्होल्ट उघड्यावर असतात, त्यामुळे ते पेटीबाहेर प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवा. पेटीच्या आत ओल असते. आणि स्वस्त रिलेचे कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटून बसतात, मग बल्ब विझतच नाही आणि सकाळी उकडलेली अंडी मिळतात. उपाय सोपा आहे. दुसरं तसलंच मॉड्यूल बल्बच्या वायरीत पहिल्याच्या पुढे मालिकेत जोडा आणि ३८.५ ला लावा. पहिला चिकटला तरी दुसरा तोडतो. बल्ब थर्माकोलपासून वीतभर लांब, मागे पत्र्याचा तुकडा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, त्यातून पुरेशी उष्णता निघत नाही.

खुराडा_खेड

एवढं शास्त्र कशाला. १८व्या दिवसापासून अंड्यांवर रोज कोमट पाण्याचा फवारा मारायचा, कवच मऊ पडतं. आणि २१व्या दिवशी ज्यांनी टोच मारली त्यांचं कवच हळूच सोलून पिल्लू बाहेर काढायचं. वाट बघत बसलं तर मरणारच.

कवचाआत

फवारा बदकांच्या अंड्यांसाठी ऐकलेला असतो. त्यांचा हिशोब २८ दिवसांचा आणि वेगळा. कोंबडीच्या अंड्यावर पाणी मारलं की कवच मऊ पडत नाही, छिद्रं ओली होतात आणि वरची घाण आत जायला वाट मिळते. शिवाय ज्याची अंडी मुळातच ओली राहिलीत त्याला फवारा सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं.

सोलण्याबद्दल. टोच मारल्यापासून गोल कापायला सुरुवात होईपर्यंत १२ ते २४ तास पिल्लू नुसतं पडून असतं. बाहेरून वाटतं अडकलंय, पण त्या वेळात पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटतात आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जातो. त्याआधी सोललं तर रक्त येतं, बेंबी उघडी राहते आणि पिल्लू दोन दिवसांत जातं. २४ तास उलटले, आवाज क्षीण होतोय आणि पडदा पांढरा पडून सुकलाय, तरच टोचेच्या भोवतीचं कवच नखाएवढं काढायचं, कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पडदा ओलावायचा आणि परत ठेवायचं. रक्ताची रेघ दिसली की तिथेच थांबायचं.

आणि १८ नंतर झाकण उघडायचं नाही. कुडाळच्या बॅचमध्ये जी ४ टोच मारून मेली, ती या उघडझापीत गेली असणार. झाकण उघडलं की दमट हवा क्षणात निघून जाते आणि टोचेपाशी उघडा पडलेला पडदा पिल्लाभोवती आवळतो. म्हणजे एकाच बॅचमध्ये ९ ओलीने गेली आणि ४ कोरडीने. विचित्र वाटतं, पण अगदी नेहमीचं आहे. सुकलेली पिल्लं आत २४ तास राहिली तरी काही बिघडत नाही, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. त्यांच्या चिवचिवाटाने उरलेल्यांना उलट चेव येतो. झाकणाला काच किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक बसवा, म्हणजे बघण्यासाठी उघडावं लागणार नाही.

पशुवैद्य_देशावर

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. सुटलेले मुद्दे जोडतो.

रक्ताचं कडं असलेली २ अंडी: गर्भ दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मेला की रक्त कडेला जाऊन गोल रेघ दिसते. तापमान चुकणं, अंडी हिसकाबसका करत आणणं आणि साठवण, ही त्याची तीन मोठी कारणं. कुडाळात पावसाळ्यात खोली २७-२८ अंशांवर असते. २१ च्या वर गर्भ पूर्ण झोपत नाही, अर्धवट वाढत राहतो आणि मग दमून मरतो. अंडी १५-१८ अंशांत आठवडाभर चांगली राहतात. खोलीतच ठेवायची तर तीन-चार दिवसांच्या पुढे नको. फ्रीजच्या आतला कप्पा फार थंड, पण भाजीच्या ट्रेमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवलेली चालतात. साठवताना निमुळतं टोक खाली. फ्रीजमधून काढून थेट यंत्रात नको, कवचावर दव जमतं. सहा-आठ तास खोलीत राहू द्या.

३० मध्ये ४ कोरी हे ठीक आहे, कोंबड्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. कोंबडा नव्याने सोडला असेल तर मात्र १० दिवसांनंतरचीच अंडी उबवायला घ्या. दुकानातली लेयर फार्मची (फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली) पांढरी अंडी कितीही उबवली तरी पिल्लू येणार नाही, तिथे कोंबडा नसतोच. घरी कोंबडा नसेल तर पशुसंवर्धन खात्याची पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर इथली मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, उबवणीच्या अंड्यांची चौकशी तिथे करा.

घाण लागलेलं अंडं धुऊ नका, कोरड्या काथ्याने किंवा बारीक सँडपेपरने हलकं पुसा. जास्त घाण असेल तर ते खायलाही नको आणि उबवायलाही नको. असं एखादं अंडं १५व्या दिवशी आत फुटलं तर पूर्ण पेटी नासते. उजेडावर बघताना ज्यात काळपट गढूळ हलतं, किंवा ज्याच्या कवचावर घामासारखे थेंब येतात, ते ताबडतोब बाहेर. उजेडावर पहिल्यांदा ७व्या दिवशी बघा. मोबाईलचा टॉर्च, त्यावर पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, अंधारी खोली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि हलणारा ठिपका दिसला की जिवंत. परत १४ आणि १८ ला. १८ ला रुंद टोकाची पोकळी अंड्याच्या पाव ते एक तृतीयांश भागाएवढी दिसायला हवी, बाकी सगळं काळं.

दिवस मोजण्यात बरेच जण चुकतात. लावलेला दिवस शून्य. सोमवारी संध्याकाळी लावली तर पिल्लं तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी.

गावठी_कुडाळ

सगळ्यांचे आभार. मिठाची चाचणी केली: १२ तासांनी मीटर ५८. म्हणजे १७ ने कमी दाखवतोय. म्हणजे मी ५५ समजत होतो तेव्हा खरं ७२ होतं. पी-१ खरंच २.० होतं, ०.२ केलं. पाण्याच्या चाचणीत सेन्सर ०.४ ने जास्त दाखवत होता, पी-४ मध्ये दुरुस्त केलं.

दुसऱ्या बॅचचं वजन सुदैवाने लिहिलेलं होतं, ट्रे वजा करून २८ अंडी १,१८४ ग्रॅम. आज ८ दिवस पूर्ण, वजन १,१५२. वाट्या अजून आतच आहेत, तुम्ही सांगेपर्यंत हात लावला नाही. आता काय?

कवचाआत

८ दिवसांत ३२ ग्रॅम गेले, म्हणजे २.७ टक्के. जायला हवे होते ६३. निम्मंच पाणी उडालंय.

आता पुढचं गणित. रोज ४ ग्रॅम जात आहेत, खरी आर्द्रता ७२-७५ धरली तर कोरडेपणा (१०० वजा आर्द्रता) २५ च्या आसपास. वजन कोरडेपणाच्या प्रमाणात घटतं. वाट्या आणि स्पंज सगळं बाहेर काढा, दोन्ही भोकं उघडा. आर्द्रता ५० वर आली की कोरडेपणा दुप्पट, म्हणजे रोज ८ ग्रॅम. उरलेल्या १० दिवसांत ८० आणि आधीचे ३२, मिळून ११२. मूळ वजनाच्या साडेनऊ टक्के. १२ गाठता येणार नाहीत, पण नऊच्या वर गेलं तर बरीच पिल्लं निघतात. त्याहून कोरडं करायचं असेल आणि घरात एसी असेल तर पेटी त्या खोलीत हलवा. एसीतली २५ अंशांची हवा तापली की आर्द्रता ३० च्या खाली जाते, मग मात्र रोज वजन करा, नाहीतर उलट टोक गाठाल. पेटी स्वयंपाकघरात असेल तर आधी ती तिथून हलवा, भाताची वाफ आणि चुलीवरचं पाणी सगळं तिच्यात जातं.

भोकांबद्दल वेगळं सांगतो, कारण ते आर्द्रतेपुरतं नाही. पहिल्या आठवड्यात गर्भाला हवा जवळजवळ लागतच नाही. १५ नंतर प्रत्येक अंडं बऱ्यापैकी प्राणवायू घेतं आणि स्वतः उष्णताही सोडतं. शेवटच्या तीन दिवसांत २५-३० पिल्लं बंद पेटीत श्वास घेत असतात. तेव्हा भोक बंद करणं म्हणजे गुदमरवणं. खाली दोन, वर दोन, प्रत्येकी अर्ध्या इंचाची, आणि १८ नंतर सगळी उघडी. पाऊस आत येतो ही अडचण असेल तर पेटी खिडकीपासून हलवा.

चिपळूणकर_२

लाईट गेली की काय करायचं? आमच्याकडे पावसात चार-चार तास जाते. इन्व्हर्टर नाही.

सर्किटवाला

किती दिवसांची अंडी आहेत त्यावर. पहिल्या दोन आठवड्यांत पेटीवर चादर किंवा गोधडी टाका, झाकण उघडू नका, चार तास काही होत नाही. खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणा-पाण्याला पंधरा-वीस मिनिटं उठतेच. फार तर पिल्लं काही तास उशिरा येतील. जास्त वेळ गेली तर प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी (हाताला सोसेल एवढंच) भरून अंड्यांना न टेकवता कडेला ठेवा.

१५ दिवसांनंतर उलटी काळजी. अंडी स्वतः तापत असतात, पंखा बंद, त्यात वर गोधडी टाकून भोकं झाकली तर गुदमरतात. तेव्हा गोधडी बाजूनेच लावा, वरची भोकं मोकळी. आणि पंखा १२ व्होल्टचा आहेच, तो मोटरसायकलच्या बॅटरीवर तासनतास चालतो. तेवढी सोय आधी करा, बल्बची नंतर.

थंडीपेक्षा उष्णता वाईट. ३० अंशांपर्यंत काही तास उतरलेली अंडी वाचतात, ४० च्या वर तेवढाच वेळ गेलेली वाचत नाहीत.

वर्धेकर

भाऊ, मग आमच्याकडं मे महिन्यात काय करायचं? दुपारी खोलीतच ४२-४३ असते. थर्मोस्टॅट दिवसभर बंदच राहते, तरी पेटीत ४० दाखवते.

कवचाआत

तुमच्या पेटीत गरम करायची सोय आहे, थंड करायची नाही. खोली ३७ च्या वर गेली की थर्मोस्टॅटच्या हातात काहीच राहत नाही. अंड्यांची स्वतःची उष्णता आणखी वर. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत बॅच न लावणं हा सर्वांत स्वस्त उपाय. लावायचीच असेल तर पेटी कूलरच्या खोलीत. कूलरने खोली २९-३० झाली की बल्ब परत लागायला लागतो, आणि ती दमट हवा पेटीत ३५-४० टक्क्यांवर येते, म्हणजे एक पसरट ताटली पाणी ठेवलं की काम झालं. कूलर बंद पडला तर झाकण तिरकं करून पंखा चालू ठेवा.

कूलरविना तुमच्या मेमधली हवा पेटीत २० टक्क्यांच्या आसपास राहते. तिथे तुम्हाला कुडाळच्या उलट रोग होतो: १८व्या दिवशी १६-१७ टक्के वजन गेलेलं, पोकळी मोठी, पिल्लं लहान आणि पडद्याला चिकटलेली. थंडीतही तेच. डिसेंबरात पहाटे खोली १२ अंशांवर असेल तर तिची हवा तापल्यावर २० टक्क्यांच्याही खाली येते. थंडीत हवा दमट वाटते म्हणून पाणी कमी ठेवणारे बरेच आहेत, आणि ते दरवर्षी तेच करतात. तुमच्याकडे अंडी साठवायची जागाही तापते. ओल्या वाळूत बसवलेला माठ, आत कोरडं गवत, वर ओलं गोणपाट, आणि अंडी तीन दिवसांच्या वर नकोत.

गावठी_कुडाळ

आजचा आकडा. ८व्या दिवशी उजेडावर बघून ३ कोरी काढली, त्यांचं मूळ वजन १२७ ग्रॅम. उरलेल्या २५ चं मूळ वजन १,०५७. पाणी काढल्यावर आज १४व्या दिवशी ९८५. दुरुस्ती धरून मीटर ५१. जुळतंय का? आणि १८ नंतर पाणी परत किती?

कवचाआत

७२ ग्रॅम गेले, ६.८ टक्के. आता रोज ७ ग्रॅमच्या वर जातंय, म्हणजे १८ ला ९५६ च्या आसपास याल, साडेनऊ टक्के. पोकळी पुस्तकातल्यापेक्षा थोडी लहान दिसेल, घाबरू नका.

१८ ला शेवटचं अंडी फिरवून आडवी ठेवा, ट्रे काढा, खाली खरखरीत काहीतरी अंथरा: गोणपाट, किंवा फ्रीजच्या कप्प्यात घालतात ती जाळीची रबरी चटई. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि पहिल्या दिवशी फाकलेले पाय पुष्कळदा तसेच राहतात. पाणी एकच पसरट भांडं, त्यात खडे, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. खरी आर्द्रता ६५ ते ७० पुरे, तुमच्या मीटरवर ४८ ते ५३. पहिली दोन-तीन पिल्लं ओली बाहेर आली की आकडा आपोआप ७५-८० वर उडी मारेल, तेव्हा झाकण उघडून पाणी काढायला जाऊ नका. काचेवर आतून पाणी ओघळायला लागलं तर भोकं बंद तर नाहीत ना, एवढंच बघा.

पशुवैद्य_देशावर

पिल्लं निघायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर (पिल्लांना उबेत ठेवायची जागा) तापवून ठेवा. भाताचं तूस दोन इंच, पहिले दोन दिवस वर कागदाऐवजी जुनं सुती कापड, २० पिल्लांना ६० वॅटचा एक बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनने कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा: बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोची उघडल्या तर उकडतंय. आधी पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य). तांदळाच्या कण्यांवरच वाढवू नका, प्रथिनं कमी पडतात आणि पिसं येत नाहीत. ५ ते ७ दिवसांत राणीखेत रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. कुपी १०० डोसची येते आणि विरघळवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. गावात आणखी कोणाकडे पिल्लं असतील तर एकाच दिवशी ठरवा आणि दुकानातून बर्फातच आणा.

पेटीबद्दल: बॅच निघाली की आतली कवचं, पिसं लगेच काढा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि दोन दिवस वाळवा. पावसात ऊन नसेल तर बल्ब आणि पंखा चालू ठेवून रिकामी पेटी वाळवा, झाकण किलकिलं ठेवून. आतून टाइल्सवर लावतात तसला गुळगुळीत प्लास्टिकचा स्टिकर चिकटवला असेल तर पुसणं सोपं जातं. उघड्या थर्माकोलात अंड्याचं पाणी मुरतं आणि चौथ्या-पाचव्या बॅचला वास यायला लागतो.